मॅड काऊ, हरणाचं मांस आणि आपला भेजा फ्राय: किती घाबरायचं?

प्रश्न एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: "यजमान १९९० ते ९४ इंग्लंडमध्ये शिकायला होते, तेव्हा बीफ बर्गर भरपूर खाल्ले. मुलगा आता कॅल्गरीला असतो, त्याच्या ऑफिसातले लोक शिकारीला जातात आणि हरणाचं मांस आणून देतात. आणि आमच्या घरी महिन्यातून एकदा तरी भेजा होतोच. प्रायॉनबद्दल वाचलं आणि झोप उडाली. जनावरांतून हा रोग माणसात येण्याचा धोका खरा किती?"

ताई, आधी उत्तर, मग कारणं. यजमानांना धोका अगदी थोडा आहे, मात्र शून्य म्हणता येणार नाही. मुलाने तपासणीचा निकाल हातात आल्याशिवाय ते मांस खाऊ नये. भेजा खुशाल खा. मी पशुवैद्यक, त्यातही पॅथॉलॉजीवाला. तीसेक वर्षं जनावरांचे मेंदू कापून काचपट्टीवर बघण्यात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

प्रायॉन हा जंतू नव्हे. जिवाणू नाही, विषाणू नाही, बुरशीही नाही. तुमच्या-माझ्या, गाईच्या, हरणाच्या, सगळ्यांच्या मेंदूत एक साधं प्रथिन असतं. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या धडधाकट प्रथिनाचीही घडी मोडतं, तसंच पुढच्याची, असं करत वर्षानुवर्षं ते पसरत जातं. विरजणासारखं समजा. पातेलंभर दुधाला चमचाभर पुरतं. फरक एवढाच की या विरजणात जिवंत असं काहीच नाही, त्यामुळे त्याला मारायचं तरी कसं? स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' हा शब्द काढला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

स्वयंपाकघरातली गोष्ट सांगतो. आपला प्रेशर कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असतं. शस्त्रक्रियेच्या हत्यारांवरचा प्रायॉन काढायचा तर १३४ अंशांवर १८ मिनिटं वाफ द्यावी लागते, आणि तेवढ्यानंतरही कोणी छातीठोक हमी देत नाही. तेव्हा "नीट शिजवून खाल्लं" हा युक्तिवाद इथे चालत नाही. फॉर्मलिनमध्ये तर हे प्रथिन उलट जास्त घट्ट होतं. आम्ही मेंदूचे तुकडे फॉर्मलिनमध्येच ठेवतो, म्हणून विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायचो की बरणीतला तुकडा 'मेलेला' समजून उघड्या हाताने उचलू नका.

आता इंग्लंड. सगळं शिकण्यासारखं तिथेच घडलं, म्हणून इथे थोडा थांबतो.

नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गाईच्या मेंदूत भोकं दिसली. मेंढीच्या स्क्रेपी रोगात दिसतात तशीच. हाच पुढे 'मॅड काऊ' म्हणून गाजलेला गाईंचा रोग. स्क्रेपी म्हणजे मेंढी खाज सुटल्यासारखी खांबाला अंग घासत राहते, मग तोल जातो, मग मरते. युरोपातल्या मेंढपाळांना हा रोग अडीचशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे, आणि तो माणसाला झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. नेमक्या याच गोष्टीने इंग्रज अधिकारी निश्चिंत झाले. गाईचा रोग मेंढीच्या रोगासारखा दिसतो, मेंढीचा माणसाला होत नाही, मग गाईचाही होणार नाही.

गाईंना तो झाला कशाने? चाऱ्याने. मेलेल्या आणि कापलेल्या जनावरांचे उरलेले अवशेष उकळून, चरबी काढून, सुकवून जी मांस-हाडांची भुकटी होते ती दुभत्या गाईंच्या खुराकात प्रथिनासाठी मिसळत होते. म्हणजे गवत खाणाऱ्या जनावराला आपल्याच भाऊबंदांचे अवशेष खायला घालत होते. एक आजारी गाय त्या भुकटीत गेली की तिच्यातून कितीतरी वासरांपर्यंत विरजण पोचायचं, ती आजारी पडली की पुन्हा भुकटी. १९९२ या एका वर्षात ब्रिटनमध्ये ३७ हजारांवर गाई या रोगाने आजारी निघाल्या. एकूण आकडा १ लाख ८० हजारांच्या वर गेला, आणि हे फक्त लक्षणं दिसलेल्या गाईंचं झालं. लक्षणं दिसायच्या आतच कापल्या आणि खाल्ल्या गेलेल्या कित्येक लाख असाव्यात.

जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ही भुकटी घालायला बंदी आली. पुढचा भाग माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा. बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून जास्त गाईंना रोग झालाच. कारण डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात भुकटी चालूच होती, आणि एकाच गिरणीत, त्याच यंत्रांवर गाईंचं खाद्यही दळलं जायचं. यंत्रात चिकटून राहिलेली धूळ पुढच्या पोत्यात. आजारी गाईच्या मेंदूचा १ मिलिग्रॅम तोंडावाटे दिला तरी वासराला रोग होऊ शकतो, हे पुढे प्रयोगाने दिसलं. १ मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चिमटीतले मोजके दाणे. कागदावरची बंदी आणि गिरणीतली बंदी यांत हे अंतर होतं. १९९६ मध्ये सगळ्याच पाळीव जनावरांच्या खाद्यातून भुकटी काढली, तेव्हा कुठे साथ खऱ्या अर्थाने आटोक्यात आली.

माणसाच्या ताटाकडे बघा. १९८९ मध्ये सरकारने नेमलेल्या साउथवूड समितीने अहवाल दिला की माणसाला धोका असण्याची शक्यता फार दूरची वाटते. त्या समितीने आपला अंदाज चुकला तर परिणाम अतिशय गंभीर होतील असंही लिहिलं होतं, पण ते वाक्य कोणाच्या लक्षात राहत नाही. सरकारी पत्रकांत तर नाहीच राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा वगैरे अवयव माणसाच्या अन्नातून काढायचा नियम झाला, तो चांगला होता. पण मे १९९० मध्ये ब्रिस्टलमधलं एक पाळीव मांजर अशाच रोगाने मेलं. मेंढीच्या स्क्रेपीने मांजर मेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, म्हणजे हा रोग मेंढीच्या रोगापेक्षा वेगळा वागत होता. आमच्या धंद्यातल्या कोणालाही त्या दिवशी पोटात गोळा यायला हवा होता. त्याच महिन्यात कृषिमंत्री जॉन गमर टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बीफ बर्गर खायला देत होते.

२० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं की दहा तरुण माणसांना क्रॉइट्झफेल्ड-याकोब या माणसाच्या प्रायॉन-रोगाचा एक नवाच प्रकार झाला आहे आणि त्याचं सर्वांत संभाव्य कारण गाईंचा रोग आहे. एडिनबर्गच्या रॉबर्ट विल आणि जेम्स आयर्नसाइड यांच्या गटाने हे रुग्ण वेगळे काढले होते. नेहमीचा क्रॉइट्झफेल्ड-याकोब साठीच्या पुढे होतो आणि चार-सहा महिन्यांत माणूस जातो. या रुग्णांचं मृत्यूवेळचं सरासरी वय होतं तिशीच्याही आत. आधी उदासी, हातपाय दुखणं, मग तोल जाणं, मग विस्मरण, आणि वर्ष-सव्वा वर्षात शेवट. पुढच्याच वर्षी उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की गाईचा प्रायॉन आणि या रुग्णांचा प्रायॉन एकाच जातीचा आहे.

'धोक्याचा पुरावा नाही' आणि 'धोका नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. इंग्लंडात दहा वर्षं पहिलं वाक्य माहीत असून दुसरं बोललं गेलं. अशा रोगांबद्दल मी काहीही वाचतो तेव्हा आधी बघतो, लिहिणारा यातलं कुठलं वाक्य बोलतोय.

आता यजमानांकडे येऊ. लाखो रोगट गाई पोटात गेल्या आणि ब्रिटनमध्ये या नव्या प्रकाराने मृत्यू झाले १७८. जगभरात मिळून २३० च्या आसपास. इतके कमी का? एक, प्रत्येक प्राण्याच्या या प्रथिनाची बांधणी थोडी वेगळी असते. गाईच्या मोडक्या घडीला माणसाचं प्रथिन सहज वळत नाही. यालाच प्रजातींमधला अडथळा म्हणतात. तो अडथळा भिंतीसारखा नसतो, चाळणीसारखा असतो. किती गळेल ते भोकांवर आणि वर किती ओततो त्यावर. दोन, विष सगळ्या मांसात सारखं नसतं. मेंदू, मज्जारज्जू, डोळा, कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठी, लहान आतड्याचं टोक, इथे ते असतं. स्नायूत म्हणजे साध्या मांसात सहसा सापडत नाही, दुधात नाही. स्वस्त बर्गर आणि सॉसेजात मात्र हाडांवरून यंत्राने खरवडलेलं मांस असायचं, त्यात मज्जारज्जूचे तुकडे यायचे. कण्यावरून असं मांस काढायला डिसेंबर १९९५ मध्ये बंदी आली. तीन, माणसाच्या त्या प्रथिनाच्या जनुकात १२९ क्रमांकाची एक जागा आहे. जवळजवळ सगळे रुग्ण तिथे आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी मेथिओनिन (प्रथिनाचा एक घटक) आलेलेच निघाले. २०१६ मध्ये मिश्र जनुकाचा एक रुग्ण निघाला, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांचे कान टवकारले, कारण मिश्र जनुकवाल्यांना रोग उशिरा लागेल अशी शंका होतीच. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत मृत नातलगांचा मेंदू खाण्याच्या प्रथेतून कुरू नावाचा असाच रोग पसरला होता. तो प्राण्यांकडून आला नव्हता, पण त्यातले काही रुग्ण पन्नास वर्षांनी आजारी पडले, म्हणून ही शंका.

२०१३ मध्ये ब्रिटनमध्ये काढलेल्या ३२ हजारांहून जास्त अपेंडिक्स तपासले तेव्हा १६ मध्ये हे मोडकं प्रथिन सापडलं, म्हणजे साधारण २ हजारांत एक. ते सगळे आजारी पडतील असं नाही. नंतरच्या काळात तशी दुसरी लाट आलेली नाही, आणि यजमानांना बर्गर खाऊन आता तीस वर्षं उलटली आहेत. त्यांनी यासाठी कुठली तपासणी करू नये. धडधाकट माणसासाठी विश्वासार्ह अशी रक्ततपासणी नाहीच. रक्तदानाचं मात्र लक्षात ठेवावं. लक्षणं नसलेल्या दात्याच्या रक्तातून हा रोग पसरल्याच्या चार घटना ब्रिटनमध्ये नोंदल्या गेल्या, म्हणूनच अनेक देशांनी त्या काळात ब्रिटनमध्ये राहिलेल्यांचं रक्त वर्षानुवर्षं घेतलं नाही. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी २०२२ मध्ये ही बंदी उठवली. रक्तपेढीत फॉर्म भरताना ते तिथे कधी होते ते खरं लिहावं, निर्णय पेढीने घ्यावा.

मुलाचं मला जास्त वाटतं.

हरणांच्या रोगाला तिकडे 'क्रॉनिक वेस्टिंग' म्हणतात, हरीण खंगत खंगत मरतं. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या पाळीव हरणांत तो पहिल्यांदा दिसला, हा प्रायॉनचा रोग आहे हे एलिझाबेथ विल्यम्स यांनी १९७८ च्या सुमाराला ओळखलं. आता तो अमेरिकेच्या तीसहून जास्त राज्यांत आहे, कॅनडात आहे. कॅल्गरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टाच्या रानटी हरणांत २००५ पासून. २०१६ मध्ये नॉर्वेच्या रेनडिअरमध्ये निघाला तेव्हा त्या सरकारने नोर्डफ्येला भागातला दोन हजारांवरचा अख्खा कळप मारला. विस्कॉन्सिनच्या काही भागांत प्रौढ नरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बाधित आहेत.

गाईच्या रोगापेक्षा हा दोन बाबतींत वाईट. गाईचा रोग खाद्यातून जायचा, खाद्य थांबवलं की थांबला. हरणांत तो लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि एका हरणाकडून दुसऱ्याकडे सरळ जातो. गिरणीला कुलूप लावता येतं, रानाला कुठून लावणार? दुसरं म्हणजे स्नायूतही, म्हणजे आपण खातो त्या मांसातही, तो सापडला आहे.

माणसाला झाला का? आजवर एकही सिद्ध झालेला रुग्ण नाही. २०१७ च्या एका अंदाजानुसार दरवर्षी ७ ते १५ हजार बाधित हरणं लोकांच्या पोटात जातात, आणि तरीही नाही. माकडांवरचे प्रयोग संमिश्र आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांना रोग झाला. आपल्याला जास्त जवळच्या मकाक माकडांबाबत अमेरिकेतल्या दीर्घ प्रयोगात तो दिसला नाही, कॅनडातल्या गटाला मात्र लागण दिसल्याचं वाटलं. हे वाचून कोणी "नाहीच होत" म्हणालं तर त्याला साउथवूड समितीची गोष्ट सांगा. प्रायॉनच्या जाती बदलतात. आज चाळणीतून न गळणारी जात दहा पिढ्या हरणांत फिरून वेगळी होऊ शकते.

म्हणून मुलाला सांगा: अल्बर्टात शिकाऱ्याने हरणाचं डोकं सरकारी फ्रीझरवर नेऊन टाकायची सोय आहे, काही भागांत ते बंधनकारकच आहे. मित्राला विचार, डोकं दिलं का? निकाल काय? निकाल येईतो मांस वेगळं बांधून, नाव घालून फ्रीझरमध्ये. बाधित निघालं तर कुत्र्यालाही घालायचं नाही. आणि सोलताना हातमोजे. कण्यातून करवत चालवायची नाही. एवढं पाळलं तर बाकी ते मांस चवीला छान असतं म्हणतात, मी खाल्लेलं नाही.

आता आपला भेजा. शेळ्यामेंढ्यांना स्क्रेपी होतो, आणि गाईचा रोग नैसर्गिकरीत्या झालेली एक बकरीही फ्रान्समध्ये सापडली होती, २००५ मध्ये तिचं निदान पक्कं झालं. भारतात १९६१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपीची नोंद झाली आहे. तरी मी भेजा खा म्हणतो, त्याचं कारण आपलं गोठ्यातलं खाद्य. आपली गाय-म्हैस सरकीची ढेप, शेंगदाणा पेंड, तुरीची चुणी, कोंडा आणि कडबा खाते. बोकड बाभळीच्या शेंगा आणि बांधावरचा पाला. ते भुकटीचं चक्र इथे फिरलंच नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० पासून भारताला गाईंच्या या रोगाच्या 'नगण्य धोका' गटात धरलं आहे. खाटकाकडे येणारा बोकड कोवळाही असतो, आणि या रोगांना मुरायला वर्षं लागतात. मी स्वतः खातो. म्हाताऱ्या मेंढीचा मात्र घेत नाही. युरोपात तर वर्षापुढच्या शेळ्यामेंढ्यांची कवटी आणि मज्जारज्जू अन्नातून बाहेर काढतात.

जाता जाता एक चमत्कारिक गोष्ट. २००५ मध्ये कोलचेस्टर नावाच्या दोन ब्रिटिश संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तर्क मांडला की गाईंच्या रोगाचं मूळ भारतात असावं. ब्रिटन इथून हाडं आयात करायचं, गंगेत सोडलेल्या प्रेतांची हाडं त्यात मिसळून गेली असतील, असं त्यांचं म्हणणं. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या रोगांच्या संस्थेतल्या शंकर आणि सतीशचंद्र यांनी त्याच अंकात उत्तर दिलं. मानवी क्रॉइट्झफेल्ड-याकोबची नोंदवही तिथे १९९० पासून ठेवली जाते, आणि गाईचा म्हणावा असा नवा प्रकार त्यात एकही नाही. माझ्या मते तो तर्क म्हणजे पुराव्याआधी बांधलेली गोष्ट होती. पण आपल्याकडे कुणाला साधा क्रॉइट्झफेल्ड-याकोब झाला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "काय खाल्लं होतं?" बहुतेक वेळा काहीच नाही. दहा लाखांत वर्षाला एक-दोन जणांना ती घडी आपोआप मोडते, जन्मभर शाकाहारी असलेल्यांनाही.

म्हाताऱ्या गाईतही ती क्वचित आपोआप मोडते. ब्राझीलमध्ये २०२१ मध्ये, ब्रिटनमध्ये अलीकडेही अशा गाई सापडल्या. म्हणून मी दूधवाल्या शेतकऱ्यांना एकच सांगतो: कोंबड्यांचं उरलेलं खाद्य स्वस्तात मिळालं म्हणून गाईला घालू नका. त्यात मांस-हाडांची भुकटी असू शकते, आणि रवंथ करणाऱ्या जनावराला ती घालायला मनाई आहे.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सर्वांत निकडीचं. काही वर्षांपूर्वी एका गावातून फोन आला, "डॉक्टर, आमची गाय मॅड काऊ झालीय." टीव्हीवर बघितलं होतं त्यांनी. गाय हंबरत होती, आवाज घोगरा झाला होता, तोंडातून तारा लोंबत होत्या, मागचे पाय लडखडत होते. मालकाला वाटलं घशात हाड अडकलंय, म्हणून त्याने आणि त्याच्या मुलाने आळीपाळीने कोपरापर्यंत हात घशात घालून पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी गाय मेली. मी डोकं आणवलं. प्रायॉनसाठी कवटी फोडावी लागत नाही. डोकं मानेपासून वेगळं झालं की मागच्या भोकातून एक लांब दांड्याचा चमचा आत घालून गोल फिरवायचा, मेंदूचा देठ अलगद बाहेर येतो. त्यावर इंग्रजी व्ही आकाराची एक खाच असते, रोग असला तर भोकं तिथेच आधी दिसतात. अर्धा तुकडा फॉर्मलिनमध्ये, अर्धा बर्फात. पण आपल्याकडे पहिली तपासणी रेबीजची करायची, आणि ती पॉझिटिव्ह आली. गाय पिसाळली होती. महिन्यापूर्वी गोठ्यात शिरलेलं कुत्रं मग घरातल्यांना आठवलं. बापलेकांसकट पाच जणांना लसीचे डोस सुरू केले. सगळे ठीक आहेत.

तेव्हा ताई, माहेरच्या गावात कुठली गाय अशी लाळ गाळत लडखडताना दिसली, तर तिच्या तोंडात हात घालू नका, तिचं दूध बाजूला ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकाला त्याच दिवशी फोन करा.